अकरा मिनिटांचं झाकण

टीव्हीवरच्या एका चौकटीनं ऑपरेटरांचं डोकं फिरायचं. सिनेमा सुरू झाला, नावं यायला लागली, की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ती उगवायची: ‘नावं वगळा’. मुलगा रिमोट दाबायचा आणि संगीत देणारा, कपडे शिवणारा, दिवे लावणारा, सगळी माणसं एका बोटासरशी गडप व्हायची. ऑपरेटर खुर्चीतून अर्धे उठायचे. वर्षभर राबलेल्या माणसांकडे दोन मिनिटं बघायला तुझं काय जातं, असं विचारायचे. मुलगा म्हणायचा, आपण बघितलं की नाही हे त्यांना कुठे कळतंय. यावर ऑपरेटर आणखीच चिडायचे.

मग टीव्हीवरच्या त्या सिनेमांच्या ॲपवर ‘संक्षिप्त आवृत्त्या’ यायला लागल्या. अडीच तासांचा सिनेमा दीड तासात. गाणी गेली, नायकाची आत्या गेली, विनोदी नोकर गेला. चहा गार व्हायच्या आत नायक-नायिका भेटून, भांडून, लग्न करून मोकळे. ऑपरेटरांनी या विषयावर एक भाषणच तयार केलं होतं. दूधवाला, न्हावी, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक, जो सापडेल त्याला ते ऐकवायचे. भाषणाचा शेवट ठरलेला होता: "सिनेमा म्हणजे काय विजार आहे का, लांब झाली म्हणून खालून कापायची?"

तसा त्यांना बोलण्याचा अधिकार होता. छत्तीस वर्षं त्यांनी थिएटरच्या मशीन रूममध्ये काढली होती. दोन मशीन, समोरच्या भिंतीत दोन झरोके, आणि एक उंच स्टूल. वीस मिनिटांनी पहिल्या मशीनवरचं रीळ संपायचं, तेव्हा दुसऱ्या मशीनवरचं सुरू करायचं, आणि ते अशा बेतानं की खाली बसलेल्या माणसाची पापणीसुद्धा हलता कामा नये. थिएटर कधीच बंद पडलं. तिथे आता फरश्यांचं आणि नळांचं दुकान आहे. पण इमारतीत सगळे त्यांना अजूनही ऑपरेटरच म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला काकू.

काकूंची ख्याती वेगळी होती. काकूंचा डोळा लागतो.

ही ख्याती ऑपरेटरांनीच पसरवली होती. जेवणाच्या पंगतीत, बारशात, नव्या शेजाऱ्यांच्या पहिल्या चहाला हा किस्सा ते हमखास सांगायचे. लग्नाला दोन महिने झाले होते. थिएटरला ‘सतरावी पायरी’ लागला होता. ऑपरेटरांनी नव्या नवरीला फुकटच्या पासावर तीनच्या खेळाला नेऊन बसवलं, बाल्कनीत, अगदी आपल्या झरोक्याखाली. सिनेमाचा नायक घड्याळजी. तो एका डॉक्टरच्या घरात शिरतो, धडधाकट. आणि बाहेर येतो तेव्हा त्याच्या डोक्याला ही मोठी पट्टी आणि हातात पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. पुढे सगळा सिनेमाभर पोपट त्याच्याबरोबर, आणि शेवटी भर कोर्टात पोपटच खऱ्या गुन्हेगाराचं नाव घेतो. खेळ संपल्यावर काकू वर आल्या आणि पहिला प्रश्न विचारला, अहो, पट्टी कसली आणि पोपट कुणाचा? इथे ऑपरेटर थांबायचे, ऐकणाऱ्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "मधली अकरा मिनिटं बाईसाहेब गाढ झोपल्या होत्या."

लोक पोट धरून हसायचे. काकू दर वेळी शांतपणे म्हणायच्या, "मी झोपले नव्हते." त्यावर लोक आणखी हसायचे.

एक किस्सा एकेचाळीस वर्षं सांगितला की तो किस्सा राहत नाही. पोस्टमननं बेल वाजवलीच नाही असं काकू म्हणाल्या, की मुलगा म्हणायचा, आई, तुझा डोळा लागला असेल. वरच्या मजल्यावरचा नळ दुपारभर वाहत होता असं त्या म्हणाल्या, की शेजारीण प्रेमानं पाठीवर हात ठेवायची. एकदा गुडघा दाखवायला गेल्या तर डॉक्टरांनी गुडघ्याआधी झोपेबद्दल विचारलं. काकूंनी हळूहळू साक्ष देणंच सोडून दिलं होतं. काही बघितलं तरी त्या बोलायच्या नाहीत, आपली भाजी निवडत बसायच्या.

ऑपरेटरांची सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढायची. एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ॲप चाळता चाळता ती थांबली. "आई, तुमचा पोपटवाला सिनेमा आलाय."

पाटी दिसत होती. ‘सतरावी पायरी’. खाली बारीक अक्षरात: संक्षिप्त आवृत्ती, दोन तास चोवीस मिनिटं.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसल्या. ऑपरेटरांनी संक्षिप्तवाल्यांच्या नावानं भाषणाला सुरुवात केली, पण नावं यायला लागली आणि या वेळी कुणी चौकट दाबली नाही, म्हणून ते गप्प बसले.

पंधरा-वीस मिनिटं गेली. ऑपरेटरांचा उजवा हात अचानक खुर्चीच्या दांड्यावर गेला. सात-आठ सेकंदांनी त्या हातानं एक जोरदार झटका दिला आणि शेजारच्या टिपॉयवरचा पाण्याचा पेला मुलाच्या मांडीत उपडा झाला. सगळे ओरडले. ऑपरेटर आपल्या हाताकडे बघत राहिले. हातानं जे ओळखलं होतं ते डोक्यात यायला आणखी वीस मिनिटं लागली, पुढचं रीळ संपेपर्यंत. मग त्यांनी नीट बघितलं. चित्राच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ, एक खूण चमकून गेली. तीन बोटांची. कोंबडीच्या पायासारखी.

रीळ संपत आलं हे कळावं म्हणून फिल्मच्या कोपऱ्यात खूण असायची. कंपनीची खूण गोल आणि पुसट असायची, म्हणून ऑपरेटर लोक सुईनं आपापली खूण ओरखडत. कुणी फुली काढायचं, कुणी टिकली. कोंबडीचा पाय जगात एकच माणूस काढायचा, आणि तो आता त्या टिपॉयशेजारी, ओल्या फरशीवरून पाय वर घेऊन, खुर्चीत बसला होता.

ही त्यांचीच प्रत होती.

घड्याळजी डॉक्टरच्या फाटकात शिरला, धडधाकट. चित्र किंचित हललं. घड्याळजी फाटकातून बाहेर आला. पट्टी. पिंजरा. पोपट.

काकूंनी मागे वळून बघितलं. आधी नवऱ्याकडे, मग मुलाकडे, मग सुनेकडे. एकेचाळीस वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळलेला ऑपरेटरांनी बघितला नव्हता. "बघा," काकू म्हणाल्या. "आता मी झोपले होते का?"

मुलगा ओली विजार झटकत होता. तो सहज म्हणाला, "अगं, ही संक्षिप्त आवृत्ती आहे आई. ॲपवाल्यांनी कापलंय. मूळ सिनेमात असणारच ना. तू झोपलीस तो मूळ होता."

"नेमकं तेवढंच कापलं?"

"असतो एकेक योगायोग."

काकूंचा चेहरा मिटला. स्टूल उचलून त्या आत गेल्या.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. ‘सतरावी पायरी’ दोन तास पस्तीस मिनिटांचा होता. पहिला खेळ बाराचा. मध्यंतर आणि जाहिराती धरून तो दोन पन्नासला संपायचा आणि तीनला दुसरा सुरू. मधे दहा मिनिटं. सायकलनं घर चार मिनिटांवर. जायला चार, यायला चार, आणि उरलेल्या दोन मिनिटांत नव्या नवरीच्या हातचं जेवायचं काय आणि बघायचं काय? पहिले काही दिवस ऑपरेटरांनी मशीन रूममध्ये डबा खाल्ला. मग एका सकाळी ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन बसले, आणि डॉक्टरच्या घरातली अकरा मिनिटं अलगद उचलून एका चपट्या गोल डब्यात ठेवली. टोकाला टोक असं जोडलं की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. आता दहाची एकवीस मिनिटं झाली. तेरा मिनिटं पानावर. मालकाला पत्ता लागला नाही, कारण मालकानं जन्मात सिनेमा बघितला नव्हता, तो दारात उभा राहून डोकी मोजायचा. प्रेक्षकांनी एकदा शिट्ट्या मारल्या आणि सोडून दिलं.

सोडलं नाही ते फक्त काकूंनी. आणि काकू होत्या थिएटरच्या तिकीटवालीच्या मैत्रीण. त्यांना खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मालकाच्या कानावर जाऊन दुसऱ्या सकाळी नोकरी गेली असती. म्हणून ऑपरेटर म्हणाले, तुझा डोळा लागला असेल. एका दिवसापुरतं. सिनेमा उतरला की तुकडा परत जोडायचा आणि बायकोला सांगून टाकायचं, असा बेत होता. पण सिनेमा उतरला तेव्हा ज्या कंपनीनं पाठवला होता तीच बुडालेली. प्रत न्यायला कुणी आलं नाही. ती थिएटरच्या माळ्यावर पडून राहिली, आणि किस्सा तोवर इतका रंगायला लागला होता की तो परत घेणं ऑपरेटरांच्या जिवावर आलं.

आणि डबा? डबा त्यांनी घरी आणून फळीवर, गाद्यांच्या मागे लपवला होता. एक दिवस जेवायला बसले तर समोर पिठाच्या पिंपावर झाकण म्हणून तोच. काकू म्हणाल्या, बघा कसं मापात बसलं, जणू याच्यासाठीच केलंय. अकरा मिनिटं तेव्हापासून पिठावर होती. रोज दोनदा उचलली जायची, दोनदा ठेवली जायची.

त्या रविवारनंतर ऑपरेटरांची भूक गेली. पीठ काढताना झाकणाचा आवाज झाला की ते दचकायचे. त्यात सुनेनं फोनवर त्या सिनेमावर लोक काय काय लिहितात ते वाचून दाखवायला सुरुवात केली. थिएटर विकलं गेलं तेव्हा माळ्यावरचे डबे जुन्या फिल्म जपणाऱ्या एका संस्थेनं उचलले होते. ‘सतरावी पायरी’ची तेवढी एकच प्रत जगात उरली होती. एका समीक्षकानं डॉक्टरच्या घरातल्या त्या उडीवर दोन पानं लिहिली होती. दिग्दर्शकानं प्रेक्षकाच्या बुद्धीवर किती विश्वास टाकला आहे, काळाच्या किती पुढचा हा विचार, पोपट हा नायकाचा अंतरात्मा आहे आणि अंतरात्मा कुठून आला हे विचारायचं नसतं. दुसऱ्यानं कोपऱ्यातल्या तीन बोटांच्या खुणेत तीन काळ बघितले होते. ऑपरेटर घाम पुसत ऐकायचे.

सर्वांत खाली त्या संस्थेचं निवेदन होतं. सेन्सॉरच्या कागदावर लांबी अकरा मिनिटं जास्त आहे, म्हणून या प्रतीला संक्षिप्त म्हटलं आहे. उरलेला भाग कुणाकडे असल्यास कृपया कळवावं, पूर्ण आवृत्ती तयार करता येईल.

त्या दिवशी ऑपरेटरांच्या मनात जे आलं ते फारसं शोभणारं नव्हतं. डबा गुपचूप पाठवून दिला तर? सिनेमा पूर्ण होईल. घड्याळजी डॉक्टरकडे काय करतो ते सगळं जग बघेल. आणि सगळं जग म्हणेल, बघा, होता की भाग, काकू झोपल्याच होत्या. किस्सा कायमचा पक्का होईल. सिनेमालाही न्याय, त्यांनाही न्याय. फक्त एकाच माणसाची वाट लागणार होती, आणि ते माणूस समोर बसून शेंगा सोलत होतं.

सून चहा घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. "बाबा, त्या दिवशी सिनेमात रीळ बदलायचं तेव्हा तुमचा हात आधीच उठायचा. दर वेळी. कोपऱ्यातली ती खूण तुम्हाला आधीपासून ठाऊक होती."

"सवय असते."

"हं." तिनं कप पुढे सरकवला. "माझ्याकडे येतात ना लोक, पाटीवरची अक्षरं दिसत नसली तरी पाठ करून वाचतात. मला कळतं. मी काही बोलत नाही, फक्त भिंग बदलते."

ती उठून गेली. ऑपरेटरांचा चहा तसाच गार झाला.

पुढच्याच आठवड्यात फाटक वाकलं. दुपारी तीनच्या सुमारास कुणीतरी इमारतीच्या लोखंडी फाटकाला गाडी घातली आणि पसार झालं. जिन्याखाली सगळे जमले. सेक्रेटरी वही घेऊन मधे उभे. कुणी बघितलं का, असं त्यांनी विचारलं आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आणि कितीतरी वर्षांनी काकू बोलल्या.

"मी बघितलं. खिडकीत होते. पिवळा ट्रक होता, मागे घेताना लागला. वर हिरवा सोफा बांधलेला होता."

हिरवा सोफा सेक्रेटरींच्या घरी त्याच दुपारी आला होता. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तो लिफ्टमध्ये मावला नव्हता आणि तीन मजले सगळ्यांच्या दारावरून घासत गेला होता. सेक्रेटरींनी वही मिटली. ट्रकवाला माणूस सभ्य आहे, फाटकाला शिवलासुद्धा नाही, असं म्हणाले. मग त्यांना मार्ग सापडला. ते हसत ऑपरेटरांकडे वळले.

"ऑपरेटरसाहेब, तुम्हीच सांगा बुवा. दुपारची वेळ. काकू जाग्या होत्या का?"

जिनाभर हशा पिकला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही नाही. वाकलेल्या फाटकाकडे बघत राहिल्या, जणू उत्तर काय येणार ते त्यांना पाठ होतं.

"जागी होती," ऑपरेटर म्हणाले.

"तुम्ही घरी होतात?"

"नव्हतो."

"मग कसं सांगता?"

"ती एकेचाळीस वर्षं जागी आहे," ऑपरेटर म्हणाले. "सिनेमा मी कापला होता."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ब्लेड, चिकटपट्टी, सायकल, तेरा मिनिटं. सांगताना मागचं पुढे होत होतं, कारण किस्से सांगायची सवय असली तरी असले नव्हे. संपलं तेव्हा सोफ्याचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शाळामास्तरांनी हा किस्सा निदान सात वेळा ऐकला होता. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "म्हणजे पोपट कुणाचा?"

"ते मलाही आठवत नाही," ऑपरेटर म्हणाले. "ते मी पहिले काही दिवसच बघितलं, तेही झरोक्यातून, मशीनच्या दिव्याचा कार्बन बदलता बदलता."

"आणि तो तुकडा कुठाय?"

ऑपरेटरांनी खाली बघितलं. "आमच्या पिठावर."

काकू जिना चढून गेल्या. ऑपरेटर मागोमाग. स्वयंपाकघरात काकूंनी झाकण उचललं, उलटं केलं, कडेची पट्टी नखानं सोडवली. आतून आंबूस वासाचा भपकारा आला. जुनी फिल्म कुजायला लागली की तसाच वास येतो, हे ऑपरेटरांना चांगलं ठाऊक होतं.

"पिठाला वास येतो म्हणून मी तीन दुकानदार बदलले," काकू म्हणाल्या. "एकाशी तर रस्त्यात भांडले. त्याची बायको रडली होती."

"मला सांगायचं होतं गं."

"कधी?"

ऑपरेटरांनी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "पण कापला तो तुझ्यासाठीच. तुझ्याबरोबर जेवायला मिळावं म्हणून."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "माझ्यासाठी. तेरा मिनिटं यायचात, त्यातली दहा पेपरात तोंड खुपसून."

"आणि उरलेली तीन?"

"मीठ दे म्हणायचात. ते बोलणं धरायचं असेल तर धरा."

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली. तिसऱ्या दिवशी काकूंनी शिक्षा सुनावली: तिन्ही दुकानदारांना जाऊन सांगायचं. ऑपरेटर गेले. पहिला वारला होता, त्याच्या फोटोसमोर मुलाला सांगितलं, मुलाला काहीही कळलं नाही. दुसऱ्यानं पिठाचा धंदा सोडून फोनची कव्हरं विकायला घेतली होती, त्यानं सगळं ऐकून एक कव्हर गळ्यात मारलं. तिसऱ्याची बायको गल्ल्यावरच होती. तिला सगळं लख्ख आठवत होतं. ती म्हणाली, काकूंना स्वतःला पाठवा, मला त्यांच्याशी पुन्हा भांडायचंय. काकू गेल्या आणि दोन तासांनी हसत परत आल्या. सेक्रेटरींनी फाटक गुपचूप सरळ करून घेतलं. तेव्हापासून जिन्यात काही झालं की लोक आधी काकूंना विचारायला लागले, आणि काकू तपशिलात सांगायच्या, कधी कधी न विचारलेलंही.

संस्थेचा माणूस पांढरे हातमोजे घालून आला. त्यानं डबा दोन्ही हातांनी असा उचलला की जणू तान्हं बाळ. फिल्म आक्रसली आहे, पण बहुतेक वाचेल, म्हणाला. काकूंनी त्याला दारात अडवून सांगितलं की फिल्म ठेवा, डबा धुऊन परत पाठवा, पिंप उघडं पडलंय.

सात महिन्यांनी ॲपवर पाटी बदलली. पूर्ण आवृत्ती, दोन तास पस्तीस मिनिटं. खाली संक्षिप्तही होती, कारण त्या समीक्षकानं आणि त्याच्या बाजूच्या लोकांनी ती काढू नका म्हणून अर्ज केला होता. काही जणांना पोपट कुणाचा ते जाणून घ्यायचंच नव्हतं.

तो रविवार होता. सकाळी सासू-सुना आतल्या खोलीत फोनमध्ये डोकं घालून काहीतरी बघत होत्या आणि हसत होत्या. ऑपरेटरांनी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही. जेवणं झाली. या वेळी रिमोट काकूंच्या हातात होता. ऑपरेटरांनी पाण्याचा पेला आपणहून लांब ठेवला. कोंबडीचे पाय आले आणि गेले, हात उठला आणि हवेत झटकून परत आला, मुलगा शहाणपणानं पलीकडे सरकून बसला.

घड्याळजी डॉक्टरच्या फाटकात शिरला. चित्र किंचित हललं, रंग एकदम गुलाबी पडला, आणि एकेचाळीस वर्षांनी डॉक्टरच्या घराचं दार उघडलं. ऑपरेटर पुढे वाकले. ओसरीवर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट. पोपट डॉक्टरच्या आईचा होता. म्हातारीला शिव्या द्यायचा म्हणून डॉक्टर त्याला कुणाला तरी देऊन टाकायच्या विचारात होता. एक कोडं सुटलं. ऑपरेटरांनी मान डोलावली. दहा मिनिटं होत आली, पट्टी अजून यायची होती. घड्याळजी पिंजऱ्याकडे निघाला.

"अहो," काकू म्हणाल्या, "दूध गॅसवर आहे. जरा बघता का, उतू जाईल."

ऑपरेटर अर्धे उठले, परत बसले, परत उठले. दूध उतू जाणं ही या घरात साधी गोष्ट नव्हती. ते तिरासारखे स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद होता. शेगडीवर दूध तर सोडाच, भांडंही नव्हतं. पिंपावर झाकण मात्र होतं, धुतलेलं, चकचकीत. ते पळत परत आले.

घड्याळजी फाटकातून बाहेर पडत होता. डोक्याला ही मोठी पट्टी.

"पट्टी कशी बांधली?" ऑपरेटर दारातूनच म्हणाले. "काय लागलं त्याला?"

"दाखवलं की आत्ता," काकू म्हणाल्या.

"कधी? मी आत होतो. दूध नव्हतंच गॅसवर."

काकूंनी त्यांच्याकडे प्रेमानं बघितलं. "तुमचा डोळा लागला असेल."

ऑपरेटरांनी सुनेकडे बघितलं. डोळ्यांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. तिनं टीव्हीवरची नजर न हलवता मान डोलावली. "हो बाबा. लागला होता."

ते सावकाश खुर्चीत बसले. ॲपवर सिनेमा मागे नेता येतो, एक बटण दाबलं की झालं, हे त्यांना ठाऊक होतं. मुलगाही त्यांना बटण दाखवायला तयार होता. पण रिमोट काकूंच्या मांडीवर होता, त्यावर काकूंचा हात होता, आणि पडद्यावर पोपट घड्याळजीच्या घराच्या पायऱ्या चढत होता.